आरशाबाहेर

गाडीला जोडून ओढायची राहती व्हॅन मागे घेताना क्लेम आणि नोरीन कधीच भांडले नाहीत, आणि त्यामुळे समुद्रकाठच्या त्या कॅरॅव्हॅन पार्कातल्या लोकांचा त्यांच्यावर थोडा रागच होता.

दुपार कलली की नवी बिऱ्हाडं येऊ लागत, आणि तीच तिथली खरी करमणूक. घडीच्या खुर्च्या सावलीत ओढायच्या, थंड बिअर उघडायची आणि बघत बसायचं. नवरा गाडीत, बायको मागे हातवारे करत. "डावीकडे!" "कुणाच्या डावीकडे? तुझ्या का माझ्या?" "अरे झाड, झाड, झाड!" एखादी बाई हातातला वॉकी-टॉकी वाळूत आपटून सरळ समुद्राकडे चालू लागे आणि खुर्च्यांमधून टाळ्या पडत. क्लेम आणि नोरीन आले की मात्र बघण्यासारखं काही नसे. क्लेम गाडीची खिडकी खाली करी. नोरीन उतरून व्हॅनच्या मागे नाहीशी होई. मग ती लांबलचक पांढरी व्हॅन सावकाश मागे सरके आणि पेटीत ड्रॉवर बसावा तशी जागेवर बसे. ओरडणं नाही, हातवारे नाहीत.

त्यांच्या मुलीनं, जसिंटानं, शहरातून किती वेळा सांगितलं होतं की बाबा, मागे कॅमेरा बसवून घ्या. "आहे की एक," क्लेम म्हणायचा. "शिवाय चहा करतो."

आता क्लेम नव्हता. ऑक्टोबरातल्या एका सकाळी, व्हॅनच्या कापडी छताखाली, आपल्या खुर्चीतच तो गेला. नोरीन आत टोस्ट भाजत होती. त्याला गावामागच्या टेकडीवर पुरलं, कारण नोरीन म्हणाली, इथंच. जसिंटा विमानानं आली, मग भाड्याच्या गाडीनं आली, दफन झालं, माणसं सँडविच खाऊन गेली. त्यानंतर आईला घरी कसं न्यायचं एवढाच प्रश्न राहिला.

"विमानानं जाऊ. व्हॅन कुणीतरी आणून देईल," जसिंटा म्हणाली.

"कुणीतरी म्हणजे कोण?"

"असतात माणसं, आई. पैसे घेऊन पोचवतात."

"माझं अंथरूण ओढत परका माणूस नेणार आणि मी वरून ढग बघत जाणार. नको बाई. तू जा."

"तुला इथं ठेवून?"

 नोरीन टेकडीकडे बघत नव्हती. ती नळाकडे बघत होती, जिथं एक सीगल गळत्या थेंबांखाली चोच उघडून उभा होता. "व्हॅन जाईल तेव्हा मी जाईन," ती म्हणाली. आवाजात हट्ट नव्हता. हट्ट असता तर जसिंटाला बरं वाटलं असतं.

म्हणून व्हॅन ओढायला शिकायचं ठरलं. जसिंटानं आयुष्यात साधा ट्रेलरसुद्धा ओढलेला नव्हता.

गावाबाहेर धान्याच्या कोठारांशेजारी मोठं मोकळं आवार होतं. कापणीला अजून अवकाश होता, त्यामुळे तिथं कुणी नव्हतं. फक्त चुनखडीची पांढरी जमीन, आणि उंच काँक्रीटच्या नळकांड्यांवर बसलेली कबुतरं. नोरीननं तिला सगळं दाखवलं. गाडीच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर व्हॅनचं तोंड कसं उतरवायचं, ते बसलं की खालून हात घालून कसं चाचपायचं, साखळ्या एकमेकींवरून आडव्या का अडकवायच्या.

"का?"

"गोळ्यावरून तोंड सुटलं तर व्हॅन रस्त्यात नाक घासायला नको. साखळ्यांच्या झोळीत पडते."

"बाबांची कधी सुटली होती?"

"तुझे बाबा दोनदा तपासायचे. तू तीनदा तपास."

पुढे जाणं सोपं होतं. वळणं रुंद घ्यायची, ब्रेक लवकर लावायचा, एवढंच. मागे येणं म्हणजे दुसरंच जग होतं. जसिंटानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि व्हॅन उजवीकडे पळाली. ती सावरायला गेली तर गाडी आणि व्हॅन मध्येच दुमडून चिमट्यासारख्या एकमेकींवर मिटू लागल्या.

"थांब, थांब! वाकवून ठेवलीस की सगळी! हे काय, पुस्तकाची घडी आहे?" नोरीन शेजारच्या सीटवरून ओरडली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज मोठा झाला होता. "पुढे घे. सरळ कर. आता हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेव. वर नाही, तळाशी. मागचं टोक ज्या बाजूला न्यायचं, त्याच बाजूला हात ने. थोडासा. तू कणीक मळत नाहीयेस."

"तू कधी चालवलीस का व्हॅन?"

"मी? कशाला? मी बाहेर असायचे."

"मग तुला हे सगळं कसं माहीत?"

"इतकी वर्षं एका माणसाचे हात बघितले. दुसरं काय करणार, रेडिओवर क्रिकेट चालू असायचं."

दोघी हसल्या. त्या दुपारी जसिंटाला वाटलं की हे जमेल.

दुसऱ्या दिवशी वारा उत्तरेचा झाला. वाळवंटावरून येणारा तो कोरडा, तापलेला वारा सुरू झाला की गावातली माणसं खिडक्या लावून घेतात आणि एकमेकांशी कमी बोलतात. आवारात जसिंटानं तेलाची दोन रिकामी पिंपं ठेवली आणि त्यांच्या मधे व्हॅन मागे घ्यायचं ठरवलं.

"मी मागे उभी राहते," नोरीन म्हणाली आणि उतरली.

"आई, ड्रायव्हरच्या बाजूला राहा. उजव्या कोपऱ्यापासून लांब. मला आरशात दिसली पाहिजेस. दिसली नाहीस तर मी थांबणार."

"बरं बरं."

व्हॅनसाठी गाडीला लावलेल्या, बाहेर आलेल्या आरशात आई दिसत होती. निळं कार्डिगन, वाऱ्यानं उडणारे पांढरे केस. जसिंटानं गाडी हलवली. हात तळाशी, थोडासा उजवीकडे. व्हॅन आज्ञेत होती. तिनं क्षणभर डाव्या आरशात पाहिलं, पुन्हा उजव्या आरशात पाहिलं, आणि तिथं फक्त पांढरी जमीन होती.

तिनं ब्रेक दाबला.

जमिनीवर व्हॅनची सावली पडली होती. त्या सावलीच्या मागच्या कडेला आणखी एक लहान सावली चिकटलेली होती. ती हलत नव्हती. मग व्हॅनच्या पत्र्यावर तळहाताचा ठोका ऐकू आला. एकच. थोडं थांबून पुन्हा एक.

जसिंटा उतरून मागे गेली. नोरीन व्हॅनच्या मधोमध, मागच्या भिंतीवर उजवा तळहात सपाट ठेवून उभी होती, घोड्याच्या मानेवर हात ठेवावा तशी.

"थांबलीस का?"

"तू दिसत नव्हतीस!"

"मी इथंच तर होते."

"चाकांच्या वाटेत, आई! मी पेडलवर जरा जोर दिला असता तर?"

"ठोका ऐकला नाहीस का? एक ठोका म्हणजे ये."

"आणि थांब कसं सांगतेस?"

"दोन." नोरीननं हात काढून घेतला आणि झटकला. "तो कधी असा मधेच थांबायचा नाही," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला जसिंटाला भीती म्हणता आलं नाही. निराशा होती. दारावर कुणीतरी आलंय म्हणून उठावं आणि वाराच निघावा, तशी.

त्या दिवशी नोरीन आणखी दोनदा आरशातून नाहीशी झाली. दोन्ही वेळा तिनं माफी मागितली, दोन्ही वेळा म्हणाली की सवयीनं पाय तिकडे वळतात. त्यानंतर जसिंटानं प्रयत्न केला नाही.

संध्याकाळी कपडे धुवायच्या खोलीबाहेर वॉली भेटला. शेजारच्या जागेवरचा हा म्हातारा दर हिवाळ्यात क्लेमबरोबर व्हायटिंग मासे धरायला जायचा, आणि खुर्च्या मांडून बघणाऱ्यांत पहिला असायचा.

"काय पोरी, शिकलीस का? का आम्हाला काही बघायला मिळणार?"

"वॉली, बाबा व्हॅन मागे घ्यायचे तेव्हा आई कुठे असायची?"

वॉलीनं बादली खाली ठेवली. "मागे. हात ठेवून उलटी चालायची. व्हॅन येईल तशी ती मागे जायची, ठोके देत. क्लेम आरशात बघायचाच नाही. खिडकीतून कान बाहेर काढायचा."

"आणि ती अडखळली असती तर?"

"मी विचारलं होतं त्याला. म्हणाला, नोरीन अडखळत नाही." वॉलीनं कान खाजवला. "खरंच कधी अडखळली नाही बघ. पण हल्ली... परवा नळावर माझ्यासमोर पडता पडता वाचली. सपाट जमिनीवर. आणि एक सांगू का? तुला वाईट वाटेल."

"सांगा."

"तिनं माझ्या हिला आपली किटली देऊन टाकली. ती निळी. ही म्हणाली, अगं, रस्त्यात चहा कशात करशील? तर म्हणते, आता लागायची नाही."

जसिंटानं ओले कपडे दोरीवर घातले. किटली जुनी होती, घरी दुसरी होती, लांबच्या प्रवासात ओझं कमी केलेलं बरं. हे सगळं तिनं मनात नीट मांडलं. ते पटण्यासारखं होतं. मग आईच्या एका ब्लाउजला चिमटे लावताना तिला दिसलं की आपण तोच ब्लाउज दुसऱ्यांदा वाळत घालतो आहोत.

निघायच्या आदल्या दिवशी जागा बदलावी लागली. त्यांची जागा कुणीतरी आधीच घेऊन ठेवली होती. ऑफिसातल्या बाईनं रिकाम्या जागा सांगितल्या आणि जसिंटा काही बोलायच्या आत नोरीन म्हणाली, "भिंतीजवळची."

भिंतीजवळची जागा सगळ्यात शेवटची होती. चुनखडीच्या दगडांची ती जाड भिंत कमरेच्या वर येई, आणि तिच्यापलीकडे खाली खडक आणि पाणी. दिवसभर उत्तरेच्या वाऱ्यानं आणि उन्हानं तिचे दगड तापून निघाले होते. कुठूनतरी सडलेल्या शेवाळाचा वास येत होता. वॉली आणि त्याची बायको खुर्च्या घेऊन आले होते, आणखी दोघंतिघं होते, पण बिअर कुणी उघडली नव्हती.

"इकडे का, आई? दुसरी जागा मोकळी होती. मागे भिंतही नव्हती."

"इथनं पाणी दिसतं."

"आपण उद्या सकाळी निघणार."

"मग आज बघू," नोरीन म्हणाली आणि उतरली.

"आरशात राहा. काहीही झालं तरी."

"हो ग."

जसिंटानं खिडकी खाली केली. वाऱ्यानं धूळ आत आली. तिनं हात स्टिअरिंगच्या तळाशी नेला. आरशात आई होती, निळं कार्डिगन, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. व्हॅन वळू लागली, कोन बरोबर आला, जसिंटानं हात मधे आणला आणि चाकं सरळ झाली. इतकं चांगलं तिला आधी कधी जमलं नव्हतं. आपण हसतो आहोत हे तिच्या लक्षात आलं. तिनं आरशात पाहिलं.

भिंतीचा एक तुकडा. नळाचा खांब. बाकी काही नाही.

तिनं ब्रेक दाबला आणि दाबूनच धरला.

ठोका आला. ये.

ती हलली नाही. खुर्च्यांमधून कुणीतरी उभं राहिलं.

पुन्हा ठोका. ये. आणि पुन्हा. मधलं अंतर सारखं, घाई नाही, राग नाही. जागच्या जागी उभ्या असलेल्या व्हॅनला नोरीन मागून बोलवत होती. तिला कळतच नव्हतं की व्हॅन थांबली आहे, किंवा ती थांबली आहे हे तिला मान्य नव्हतं. ये. ये.

जसिंटानं हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, किल्ली काढली. ती मागे गेली. 

भिंत आणि व्हॅन यांच्यात एक माणूस अंग चोरून मावेल एवढीच फट उरली होती. नोरीन तिच्यात उभी होती. पाठ दगडांना टेकलेली, तळहात पत्र्यावर, डोळे मिटलेले. तिचं तोंड एखाद्या झोपेला आलेल्या मुलीसारखं सैल झालं होतं. हात उचलला गेला आणि ठोका पडला.

"आई."

डोळे उघडले.

"बाहेर ये."

नोरीन आडवी सरकत बाहेर आली. कार्डिगनच्या पाठीवर चुन्याची पांढरी पूड लागली होती. जसिंटानं ती झटकायला हात पुढे केला आणि मग केला नाही.

"दोन ठोके कधी देणार होतीस?"

नोरीन कार्डिगनची बाही सारखी करू लागली.

"आई, मी विचारतेय. दोन ठोके देणार होतीस ना?"

वारा होता. वॉलीच्या बायकोनं तोंडावर हात धरला होता. नोरीननं पाण्याकडे पाहिलं, मग आपल्या तळहाताकडे पाहिलं. तो उन्हानं तापलेल्या पत्र्यानं लाल झाला होता.

"मी तसं ठरवलं नव्हतं," ती म्हणाली.  "ठरवलंही नव्हतं आणि... दुसरं काही ठरवलंही नव्हतं."

जसिंटाला पुष्कळ काही बोलता आलं असतं. माझ्या हातून, आई? मी चालवत असताना?  उद्या शेकडो मैलांचा रस्ता होता, धान्याचे तीन-तीन डब्यांचे ट्रक होते, मुक्काम होते, आणि प्रत्येक मुक्कामावर व्हॅन मागे घ्यायची होती. प्रत्येक वेळी आई खाली उतरणार होती. आणि घरी पोचल्यावर घराचीही एक मागची बाजू असणारच होती.

तिनं आईचा लाल तळहात उघडला आणि त्यात किल्ली ठेवली.

"तू बस."

"मी?"

"तुला सगळं येतं. मला तूच शिकवलंस."

"वेडी आहेस का? व्हॅन जोडलेली असताना मी कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"गाडी चालवतेस की. दुकानात जातेस, दवाखान्यात जातेस. मी मागे उभी राहते."

"जस, मला जमायचं नाही."

"मग सावकाश घे."

नोरीननं वॉलीकडे पाहिलं, जणू तो नको म्हणेल. वॉली आपल्या बुटांकडे बघत होता. ती गाडीत चढली. सीट पुढे ओढली, फार पुढे, मग थोडी मागे. तिनं आरसा आपल्या उंचीला वळवला, आणि त्या आरशात जसिंटाला तिचे डोळे दिसले. इंजिन सुरू झालं.

"आधी पुढे घे!" जसिंटा ओरडली. "सरळ कर!"

व्हॅन पुढे गेली. थांबली. मग मागे येऊ लागली.

हळू येत होती, पण येत होती. जसिंटा उजव्या कोपऱ्यापासून लांब, आईला सांगायची तिथंच उभी होती. हात वर करून तिनं आईला खूण केली, आणखी, आणखी. व्हॅन जराशी वाकडी झाली आणि लगेच सावरली. स्टिअरिंगच्या तळाशी तो हात कसा फिरत असेल हे न दिसताही जसिंटाला दिसत होतं. थोडासा. कणीक मळू नकोस. आरशात आईचे डोळे तिच्यावर खिळलेले होते. इतक्या दिवसांत ते कशावर असे खिळले नव्हते.

मग जसिंटानं डावीकडे पाऊल टाकलं, आणि आणखी एक. ती व्हॅनच्या मागे आली.

हे आपण करायला नको, हे तिला माहीत होतं. हे कुणालाही समजावून सांगता येणार नाही, हेही माहीत होतं. मागून भिंतीची धग पाठीला लागली. समोर पांढरा पत्रा, त्यावर आईच्या तळहाताचे धुळीत उमटलेले ठसे. चाकांखाली खडी करकरत होती. तिनं हात खाली ठेवले. ठोका द्यायचा नाही, एकही नाही. बाजूला निसटता येईल अशी अजून जागा होती. पत्रा पुढे आला. त्यातलं रिव्हेटचं एक डोकं गंजलं होतं. वॉली ओरडला, "ए पोरी!" आणि पत्रा आणखी पुढे आला. आता हात पुढे केला असता तर तो तिच्या बोटांना लागला असता. तिच्या मनात स्पष्टपणे आलं, हिला कळलंच नाही.

दोन्ही कोपऱ्यांवर लाल दिवे लागले.

खडीचा आवाज थांबला. गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, ते बंद झाल्याचा नाही आला. नोरीन धावत आली. तिला धावताना जसिंटानं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"कुठे गेलीस तू! कुठे गेलीस! दिसेनाशी झालीस मला!"

"म्हणून थांबलीस."

"मग काय करणार होते? तुझ्या अंगावर घालणार होते? मूर्ख, मूर्ख मुली..." तिनं हात उगारला आणि जसिंटाच्या दंडावर तळहात मारला. चांगलाच लागला. मग पुन्हा मारला.

त्यानंतर तो हात तिथंच राहिला. दंडावर, सपाट. दोघी भिंतीच्या आणि व्हॅनच्या मधल्या त्या फटीत उभ्या होत्या आणि नोरीनचा श्वास जोरात चालला होता.

"व्हॅन वाकडी आहे," शेवटी नोरीन म्हणाली.

"थोडीशी."

"थोडीशी नाही, चांगलीच वाकडी आहे. तो असता तर मला तोंड दाखवायची सोय राहिली नसती." तिनं नाक पुसलं. किल्ली गाडीतच होती, इंजिन अजून चालू होतं, खुर्च्यांवरची माणसं कुठे बघावं हे न कळून टेकडीकडे बघत होती. नोरीन चार पावलं गेली आणि वळली.

"पुन्हा घेते. आणि जिथं सांगितलं तिथं उभी राहा," ती म्हणाली. "मला दिसशील अशी."